जयंतीपुरती शाळा नको : घर, विहार आणि शाळा यांचे नाते बाराही महिने कसे टिकवायचे?

जुलै महिना. जिल्हा परिषद शाळेत शिकणारा एक मुलगा रजिस्टर घेऊन घरी येतो. "सरांनी सही मागितली आहे," असे म्हणत आईसमोर पान उघडून धरतो. ते शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेचे इतिवृत्त असते. आई त्या समितीची सदस्य आहे. सभा कधी झाली, काय ठरले, पैसे कशावर खर्च झाले, यातले काहीच तिला माहीत नाही. ती सही करते आणि निंदणीला निघून जाते.

असे चित्र अनेक गावांत आणि शहरांतल्या वस्त्यांतही पाहायला मिळते. आता आपल्या बाजूचेही चित्र पाहू. १४ एप्रिलला आपण शाळेत जातो, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालतो, वह्या-पेन वाटतो, फोटो काढतो. त्यानंतर शाळेत आपले पाऊल पडते ते बहुधा भांडणासाठीच. मुलाला मारले, शिष्यवृत्ती अडकली, दाखला मिळत नाही, असे काही झाले की दहा-पंधरा जण एकदम मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरतात. म्हणजे आपले शाळेशी नाते दोनच प्रसंगांचे, हाराचे आणि तक्रारीचे. मधल्या महिन्यांत मूल वाचायला शिकले का, ते रोज शाळेत जाते का, गणितात कुठे अडले, हे विचारायला कोणी नसते.

तरुण कार्यकर्त्यांनो, हे नाते टिकाऊ कसे करायचे, त्यासाठी कायद्याने आपल्याला काय दिले आहे आणि आपले विहार त्यात काय करू शकते, ते समजून घेऊया.

मुक्ताबाईंच्या निबंधामागे कोण होते?

१८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली. पुढे महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. शाळा काढली म्हणून मुले आपोआप आली नाहीत. ज्या घरांना पिढ्यान् पिढ्या शिक्षणापासून दूर ठेवले होते, त्या घरांना शाळेचा भरवसा कसा वाटणार? तेव्हा लहुजी वस्ताद साळवे आणि राणबा महार यांच्यासारखी वस्तीतलीच माणसे पुढे आली आणि त्यांनी आपल्या लोकांना शिक्षणाचे महत्त्व पटवून दिले. १८५५ साली फुल्यांच्या शाळेतील विद्यार्थिनी मुक्ताबाई साळवे यांचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तेव्हा त्या अवघ्या चौदा वर्षांच्या आसपास होत्या. तो निबंध आपण अभिमानाने सांगतो. त्याच्यामागे शिकवणारे गुरुजी होते, पाठवणारे घर होते आणि या दोघांना जोडणारी वस्तीतली माणसेही होती.

बाबासाहेबांनीही हेच ओळखले होते. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि १९२५ साली सोलापुरात विद्यार्थी वसतिगृह सुरू झाले. शाळेचे दार उघडले तरी मुलाला राहायला जागा, पोटाला अन्न आणि पाठीवर हात लागतो, हे त्यांनी स्वतः भोगून जाणले होते. धारवाडच्या वसतिगृहातील मुले उपाशी राहू नयेत म्हणून माता रमाईंनी आपल्या बांगड्या दिल्याचा प्रसंग आपण नेहमी सांगतो. त्यातून घ्यायची गोष्ट हीच, की शाळा, घर आणि समाज यांतला एक दुवा तुटला की मूल गळते.

सिगालाला सांगितलेल्या दिशा

दीघनिकायातील सिगालोवाद सुत्त आपल्या विहारांत अनेकदा वाचले जाते. सिगाल नावाचा तरुण सकाळी ओल्या वस्त्रांनी सहा दिशांना नमस्कार करत होता. तथागतांनी त्याला दिशांचा खरा अर्थ सांगितला. पूर्व दिशा म्हणजे आई-वडील आणि दक्षिण दिशा म्हणजे आचार्य. उरलेल्या दिशा म्हणजे जोडीदार, मित्र, सेवक-कामगार आणि श्रमण.

इथे लक्षात घ्यायची गोष्ट म्हणजे प्रत्येक दिशेचे कर्तव्य दोन्ही बाजूंनी सांगितले आहे. शिष्याची आचार्याप्रती पाच कर्तव्ये आहेत, तशीच आचार्याचीही शिष्याप्रती पाच आहेत. नीट शिकवणे, शिकवलेले मुलाला उमगले आहे याची खात्री करणे आणि त्याला सर्व बाजूंनी सुरक्षित ठेवणे ही आचार्याच्या वाट्याची कर्तव्ये. मुलाला वाइटापासून दूर ठेवणे, चांगल्याकडे वळवणे आणि त्याला विद्या-कला शिकवणे हे आई-वडिलांच्या वाट्याचे. एकाने हात जोडायचे आणि दुसऱ्याने आशीर्वाद द्यायचा, असे हे नाते नाही. दोघेही एकमेकांना बांधील आहेत. शाळेत पालकाने हात जोडून दाराशी उभे राहावे हे धम्माला धरून नाही. पालकाने मूल शाळेत सोडून मोकळे व्हावे, हेही नाही.

न्यू हेवनच्या दोन शाळा

हे प्रत्यक्षात कसे करता येते, याचे एक उदाहरण अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाकडून घेण्यासारखे आहे. दलित पँथरमुळे त्या समाजाशी आपले वैचारिक नाते जुने आहेच.

डॉ. जेम्स कोमर हे कृष्णवर्णीय मनोविकारतज्ज्ञ. त्यांची आई लोकांच्या घरी घरकाम करत असे. १९६८ साली येल विद्यापीठाच्या केंद्रातर्फे त्यांनी न्यू हेवन शहरातील दोन प्राथमिक शाळांत काम सुरू केले. मुले बहुतेक गरीब कृष्णवर्णीय घरांतली होती. अभ्यासात आणि हजेरीत या शाळा शहराच्या अगदी तळाला होत्या. शिक्षक म्हणत, पालकांना काळजी नाही. पालक म्हणत, शिक्षकांना आमची मुले नकोशी आहेत. पहिल्या वर्षी तर गोंधळ इतका झाला की काम बंद पडायची वेळ आली.

कोमर यांनी एका मुलाची गोष्ट सांगितली आहे. दक्षिणेकडच्या खेड्यातून, आपल्या गोतावळ्यातून आलेला आठ वर्षांचा मुलगा. मावशीने कामावर जाता जाता त्याला शाळेत सोडले. अनोळखी इमारत, अनोळखी चेहरे. वर्गाच्या दारात तो घाबरला, त्याने शिक्षिकेला लाथ मारली आणि पळाला. एरवी अशा मुलावर 'मारकुटा' असा शिक्का बसला असता. इथे शिक्षक एकत्र बसले आणि त्यांनी विचार केला की, आठ वर्षांच्या मुलाला अशा जागी एकटे सोडल्यावर त्याला काय वाटले असेल? मग नव्या मुलाचे स्वागत कसे करायचे याची पद्धतच त्यांनी ठरवली.

आता आपल्याकडचे मूल आठवा. दसरा-दिवाळीनंतर आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला गेलेले आणि मार्च-एप्रिलमध्ये परत आलेले मूल. वर्गात बसते तेव्हा पाठ पुढे गेलेला असतो, बाकावरची जागाही दुसऱ्याची झालेली असते. ते दोन दिवस येते, तिसऱ्या दिवशी येत नाही. त्याला 'अनियमित' म्हणून मोकळे व्हायचे, की ते परत येईल त्या दिवसाची तयारी आधीच करून ठेवायची?

कोमर यांच्या शाळांनी तीन नियम पाळले. पहिला, दोष कोणाचा यावर वेळ घालवायचा नाही, अडचण कशी सुटेल ते बोलायचे. दुसरा, शक्यतो मतदान टाळून सहमतीने ठरवायचे, म्हणजे हरलेला गट रुसून बसत नाही. तिसरा, मुख्याध्यापकांना अडवून धरायचे नाही, आणि मुख्याध्यापकांनीही समितीला शोभेची करायचे नाही. मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक यांचा एक गट नियमित बसून शाळेचे नियोजन करू लागला. हळूहळू वागणूक सुधारली, हजेरी वाढली. १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मुलांचे निकाल शहरातील आघाडीच्या शाळांच्या बरोबरीला आले. वस्ती तीच होती आणि गरिबीही तीच होती.

कायद्याने दिलेली खुर्ची

न्यू हेवनमध्ये जे प्रयत्नाने उभे करावे लागले, त्याचा सांगाडा आपल्याकडे कायद्यातच आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९, कलम २१ वाचा. विनाअनुदानित खासगी शाळा सोडल्या तर प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. निम्म्या सदस्य महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. म्हणजे शाळेत आपल्या वस्तीतली मुले असतील, तर समितीत आपल्या वस्तीतले पालक असणे हा हक्क आहे, कोणाची मेहेरबानी नाही.

महाराष्ट्रात या समितीचा अध्यक्ष पालकांमधूनच निवडला जातो आणि मुख्याध्यापक सदस्य-सचिव असतात. पालकांनी निवडलेल्या स्थानिक शिक्षणतज्ज्ञालाही समितीत जागा आहे. आपल्या वस्तीत डी.एड., बी.एड. झालेले किती तरी तरुण-तरुणी आहेत. त्यांच्यापैकी कोणी या जागेसाठी कधी नाव दिले आहे का?

समितीची कामेही कायद्यात लिहिली आहेत. शाळेच्या कामकाजावर लक्ष ठेवणे, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा वापर कसा झाला ते पाहणे. कलम २२ नुसार हा आराखडाच शासनाच्या योजना आणि अनुदानाचा आधार असतो. मुलींचे स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, कुंपण, शिक्षकाची रिकामी जागा, हे सगळे त्यात लिहिले गेले तर मागणीला कागदाचा आधार मिळतो. मोर्चात दिलेली घोषणा दुसऱ्या दिवशी विसरली जाते, आराखड्यातली ओळ वर्षभर विचारता येते. एक मर्यादा मात्र ठाऊक असू द्या. २०१२ च्या दुरुस्तीनंतर अनुदानित खासगी शाळांत ही समिती केवळ सल्लागार आहे. शासनाच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत तिचे अधिकार पूर्ण आहेत, आणि आपली बहुतेक गरीब मुले तिथेच शिकतात.

शिक्षकांवरही कायद्याने जबाबदारी टाकली आहे. पालकांना नियमित भेटून मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती सांगणे हे कलम २४ नुसार त्यांचे कर्तव्य आहे. तेव्हा "माझे मूल वाचू शकते का?" हा प्रश्न विचारणारी आई आगाऊपणा करत नसते.

आणखी एक कारण आहे. २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव २०२३ साली शासनाने मागवले होते. लहान वस्तीची शाळा गेली की सर्वात आधी घरी बसते ती मुलगी, आणि मग ज्याच्या घरी सोडायला कोणी नाही ते मूल. जिथे समिती जिवंत आहे, इतिवृत्त खरे आहे आणि पट राखला आहे, तिथे शाळा वाचवायला बोलणारी माणसे असतात. जिथे नुसत्या सह्या आहेत, तिथे शाळा बंद झाल्याचे वस्तीला सर्वात शेवटी कळते.

विहाराने काय करावे?

नाते टिकण्याच्या आड दोन गोष्टी हमखास येतात. एक म्हणजे बदली. चांगले मुख्याध्यापक जातात आणि त्यांच्याबरोबर सगळे जाते. दुसरी म्हणजे आपलाच उत्साही कार्यकर्ता नोकरीला किंवा स्पर्धा परीक्षेसाठी पुण्या-मुंबईला जातो. म्हणून हे नाते व्यक्तीचे न राहता विहाराचे असावे, आणि ते कागदावर असावे.

विहाराच्या बैठकीत तीन जणांवर ही जबाबदारी द्या. त्यात शाळेत मूल असलेली एक आई, एक शिकलेला तरुण किंवा तरुणी आणि एक ज्येष्ठ उपासक असावेत. एक गेला तर दुसरा उरतो. महिन्यातला एक दिवस ठरवा आणि त्या दिवशी शाळेत जा, काम असो वा नसो. काय बोललो ते विहारातल्या वहीत लिहा. समितीची सभा अशा वेळी ठेवण्याची विनंती करा की मजुरीला जाणाऱ्या आयांचा दिवस बुडणार नाही. कोणत्याही सदस्याने घरी आलेल्या रजिस्टरवर न वाचता सही करायची नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ बदलेल.

वर्षाचे काम साधारण असे लावता येईल :

* जून : दाखल न झालेल्या मुलांची घरोघर पाहणी. प्रवेशाच्या वेळी नाव, जन्मतारीख, जात आणि धर्म यांची नोंद बरोबर झाली का ते पाहणे. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नोंद पुढे जात प्रमाणपत्र आणि पडताळणीत महत्त्वाची ठरते. शाळा सोडल्यावर दुरुस्ती करणे फार अवघड जाते.
* आषाढी ते आश्विन पौर्णिमा : वर्षावासात ग्रंथवाचनासाठी घरे रोज विहारात जमतात. वाचनाआधी एक तास मुलांची अभ्यासिका चालवा. महिन्यातून एकदा शिक्षकांना तिथे बोलवा. शाळेत न बोलणारी आई विहारात मोकळेपणाने बोलते.
* ऑक्टोबर : स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांची यादी. मूल गावात नातेवाइकांकडे राहू शकते का ते पाहणे, हंगामी वसतिगृहाची मागणी समितीच्या ठरावाने पाठवणे.
* ३ जानेवारी : सावित्रीबाईंच्या जयंतीला भाषणांबरोबर माता-पालकांची सभा. प्रत्येक मुलाला आईसमोर एक उतारा वाचायला लावा. मूल कुठे आहे ते दोघांनाही कळेल.
* मार्च : स्थलांतरातून परतणाऱ्या मुलांचे स्वागत आणि राहिलेल्या अभ्यासासाठी महिनाभराचा वर्ग.
* १४ एप्रिल : जयंतीच्या मंचावरून वर्षाचा हिशेब. किती मुले दाखल झाली, किती टिकली, किती गळाली, आराखड्यातले काय झाले.

यासाठी मोठा निधी लागत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कामात मुष्टिफंडाची रीत होती. घरातली बाई स्वयंपाकाआधी मूठभर धान्य बाजूला काढायची आणि त्यावर वसतिगृहातली मुले जेवायची. जयंतीच्या डीजेच्या खर्चातला थोडा भाग आणि दर घरामागे महिन्याला थोडी रक्कम, एवढ्यात अभ्यासिकेचे वीजबिल आणि पुस्तके भागतात.

आणि अभ्यासिका फक्त बौद्धांच्या मुलांसाठी ठेवू नका. मातंग, भटके, मुस्लिम, ओबीसी, वस्तीतले कोणतेही मूल येऊ द्या. समितीत आपल्या बाजूने उभे राहणारे पालक अशानेच मिळतात.

अपमान झाला तर?

इथे एक प्रश्न हमखास येईल. "दोष कोणाचा ते बोलायचे नाही म्हणता, मग वर्गात जातीवरून बोलले, पोषण आहाराच्या पंगतीत वेगळे बसवले, मुलाला मारले, तर गप्प बसायचे?"

मुळीच नाही. अडचण आणि अन्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मूल गणितात मागे आहे, शिक्षक उशिरा येतात, शौचालयाला पाणी नाही, या अडचणी आहेत. त्या एकत्र बसून सोडवायच्या. मारहाण आणि मानसिक छळ यांना त्याच कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. कलम ९ नुसार वंचित घटकातील मुलाशी भेदभाव होणार नाही हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे काम आहे, आणि कलम ३२ नुसार त्यांच्याकडे लेखी तक्रार करता येते. जातीवाचक अपमानासाठी १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. तिथे तडजोडीचा प्रश्न येत नाही. मात्र तक्रार करताना मुलाचे नाव गावभर होऊ देऊ नका, त्याचा व्हिडिओ पसरवू नका. त्याला उद्या त्याच वर्गात बसायचे आहे.

महिन्याच्या महिन्याला शाळेत जाणाऱ्या माणसांच्या तक्रारीला वजन असते. त्यांनी चांगल्या शिक्षकाचे कौतुकही केलेले असते, त्यामुळे "हे नेहमीच भांडायला येतात" असे म्हणून त्यांना उडवून लावता येत नाही. शाळेतले प्रामाणिक शिक्षकही अशा वेळी सोबत उभे राहतात.

पहिली गोष्ट

महापरिनिब्बान सुत्तात वज्जींचा प्रसंग आहे. वज्जींवर स्वारी करू पाहणाऱ्या अजातशत्रूने आपला मंत्री तथागतांकडे पाठवला. तथागतांनी आनंदांना सात प्रश्न विचारले. जोवर या सात गोष्टी वज्जी पाळतील तोवर त्यांची वाढच होईल, ऱ्हास होणार नाही, असे त्यांनी सांगितले. त्यातली अगदी पहिली गोष्ट म्हणजे वारंवार एकत्र जमणे. दुसरी म्हणजे एकोप्याने जमणे आणि एकोप्याने उठणे.

तेव्हा या आठवड्यात एवढेच करा. आपल्या वस्तीतली मुले ज्या शाळेत जातात, तिथे जाऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांची यादी पाहा. त्यात आपल्या वस्तीतली एखादी आई असेल, तर तिच्या घरी जा आणि विचारा, "ताई, पुढची सभा कधी आहे?" तिला माहीत नसेल, तर दोघे मिळून मुख्याध्यापकांना विचारा. आणि सभेच्या दिवशी तिच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत चालत जा.

जय भीम! नमो बुद्धाय!